कार्डिनल होण्याआधी

१९ मार्च १८९२, शनिवार. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट स्ट्रीटवरच्या बेसबॉल मैदानाबाहेर तुम्ही गर्दीत रेटले जाताय. आत आज बेसबॉल नाही, फुटबॉल आहे. आणि तोही पायानं खेळायचा नव्हे, चेंडू छातीशी कवटाळून समोरच्याला धडकत पुढे घुसायचा अमेरिकी फुटबॉल. एका बाजूला बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ. दुसऱ्या बाजूला स्टॅनफर्ड, ज्याचे वर्ग सुरू होऊन अजून सहा महिनेही झालेले नाहीत.

स्टॅनफर्डच्या पहिल्या तुकडीतला एक विद्यार्थी, हर्बर्ट हूवर, या सामन्याची गोष्ट पुढे आयुष्यभर रंगवून सांगणार आहे. तिकिटं कमी पडली म्हणून फाटकावर रोख नाणी घ्यावी लागली, आणि दोन्ही संघ मैदानात उतरल्यावर लक्षात आलं की चेंडू कुणीच आणलेला नाही. मग खेळाच्या सामानाचा दुकानदार शहरात जाऊन चेंडू घेऊन येईपर्यंत सगळे ताटकळत बसले. गोष्टीत तिखटमीठ किती, ते हूवरलाच ठाऊक. निकाल मात्र पक्का आहे: स्टॅनफर्ड १४, कॅलिफोर्निया १०.

या संघाला अजून नाव नाही. आहे तो फक्त रंग, विद्यार्थ्यांनी ठरवलेला गडद लाल, ज्याला इंग्रजीत ‘कार्डिनल’ म्हणतात. समोरच्यांचा निळा. खेळाचे बातमीदार लाल विरुद्ध निळा अशीच वर्णनं लिहू लागतात आणि ‘कार्डिनल’ हीच संघाची ओळख होऊन बसते. कुणी ठराव केलेला नाही, कुणी मतदान घेतलेलं नाही.

मधली काही वर्षं भरभर ओलांडा. १९०६ ते १९१७ या काळात तर स्टॅनफर्डमध्ये हा खेळच बंद आहे. फुटबॉल फार जीवघेणा झाला म्हणून तिथे रग्बी खेळतात. थांबायचं ते थेट २५ नोव्हेंबर १९३० ला.

तोच हूवर आता अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आहे. पालो आल्टोत, विद्यापीठाच्या परिसरात, १९२१ पासून संघाचं स्वतःचं भव्य स्टेडियम उभं आहे. प्रशिक्षक आहेत ‘पॉप’ वॉर्नर, आणि त्यांचं नाव पूर्वीपासून कार्लाइलशी जोडलेलं आहे. कार्लाइल म्हणजे पेनसिल्व्हेनियातली ती निवासी शाळा, जिथे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची मुलं घरापासून तोडून आणली जात. त्यांचे केस कापले जात, त्यांची भाषा बंद केली जाई. त्याच मुलांचा फुटबॉल संघ वॉर्नरनी देशभर गाजवला होता. पुढे जगप्रसिद्ध झालेला खेळाडू जिम थॉर्प हा त्यातलाच.

आज स्टॅनफर्डच्या विद्यार्थी संघटनेची कार्यकारिणी ठराव करते की ‘इंडियन’ हे आपलं अधिकृत चिन्ह. नाव आधीपासून तोंडात रुळलेलंच आहे, ठराव फक्त शिक्का मारतो. हे ‘इंडियन’ अर्थातच आपण नव्हे, अमेरिकेचे मूळ रहिवासी. त्यांना शूर म्हणायचं, चिवट म्हणायचं, त्यांचं नाव आपल्या पोरांना लावायचं. त्यांना विचारायला मात्र कुणी जात नाही. कुणाच्या मनात खोट नाही, कुणाच्या मनात शंकाही नाही.

वीस-बावीस वर्षं पुढे या आणि स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसा. समोरच्या बाईच्या स्वेटरवर एक बुटका, भल्या मोठ्या नाकाचा, डोक्यात पीस खोवलेला माणूस विणलेला आहे. तोच पेल्यावर, तोच झेंड्यावर. मग मैदानाच्या कडेनं पिसांचा प्रचंड मुकुट घातलेला एक नर्तक येतो आणि सगळं स्टेडियम उभं राहतं. हा ‘प्रिन्स लाइटफूट’. खरं नाव टिम विल्यम्स, उत्तर कॅलिफोर्नियाच्या युरोक जमातीचा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो इथे नाचतोय. हा पिसांचा मुकुट युरोकांचा नाही, दूरच्या गवताळ प्रदेशातल्या जमातींचा आहे. पण प्रेक्षकांनी सिनेमात ‘इंडियन’ तसाच पाहिलेला असतो, त्यांना तसाच हवा असतो. विल्यम्सला स्वतःला यात वावगं काही वाटत नाही. आपण आपल्या लोकांचा मान वाढवतोय, असंच तो अखेरपर्यंत म्हणत राहील. तुम्हीही टाळ्या वाजवता, न वाजवायला कारण काय?

१ जानेवारी १९७१, पासाडेना. महाविद्यालयीन फुटबॉलमधला मानाचा रोझ बोलचा सामना, समोर एकही सामना न हरलेला ओहायो स्टेट. स्टॅनफर्डचा क्वार्टरबॅक जिम प्लंकेट, अंध आई-वडिलांचा मेक्सिकन वंशाचा मुलगा, नुकताच वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइजमन करंडकाचा मानकरी ठरलाय. तो फेकतो आणि स्टॅनफर्ड २७–१७ जिंकतं. पुढच्या वर्षी त्याच दिवशी, त्याच मैदानावर, अखेरच्या काही सेकंदांत मारलेल्या किकवर मिशिगनला १३–१२ असं हरवतं. लागोपाठ दोन रोझ बोल! ‘इंडियन्स’ या नावाची किंमत आजवर कधी नव्हती एवढी वधारलेली आहे.

आणि या नावाचा फुटबॉलमधला हा शेवटचा सामना आहे, हे तुमच्या रांगेत बसलेल्या कुणालाच माहीत नाही.

कारण दरम्यान पालो आल्टोत एक साधीशी गोष्ट घडलीय. मूळ रहिवाशांची मुलं या विद्यापीठात विद्यार्थी म्हणून आली आहेत. मोजकीच आहेत, पण १९७० मध्ये त्यांनी आपली संघटना काढलीय. ज्यांचं नाव चाळीस वर्षं या पायऱ्यांवरून ओरडलं गेलं, ती माणसं आता त्याच पायऱ्यांवर बसून सामना बघतात. शेजारचा मुलगा तोंडावर हात आपटत आरोळी ठोकतो, तेव्हा त्याच्याकडे वळून बघतात.

१९७२ च्या सुरुवातीला विद्यापीठाच्या तक्रार निवारण अधिकारी लोइस ॲम्स्टरडॅम यांच्याकडे एक अर्ज येतो. खाली ५५ सह्या, मूळ रहिवासी विद्यार्थ्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या. मागणी एकच: हे चिन्ह कायमचं बंद करा. ज्या नाचांना आमच्याकडे धर्मविधीचं स्थान आहे, ते मैदानावरची करमणूक म्हणून दाखवू नका. ॲम्स्टरडॅमबाई अर्जाच्या बाजूनं उभ्या राहतात. विद्यार्थी सिनेटमध्ये १८ विरुद्ध ४ मतं पडतात आणि कुलप्रमुख रिचर्ड लायमन नाव मागे घेतात. प्रिन्स लाइटफूटचा नाचही संपतो.

जुने विद्यार्थी खवळतात. आम्ही तर मानच देत होतो, हा त्यांचा सूर. तुम्ही त्या पायऱ्यांवर टाळ्या वाजवल्या आहेत, त्यामुळे हा राग तुम्हाला समजतो. पण मान द्यायचा तर तो घेणाऱ्याला आधी विचारावं लागतं, आणि विचारायला समोर माणूस असावा लागतो. १९३० च्या ठरावात आणि १९७२ च्या ठरावात फरक पडला तो एवढाच. वॉशिंग्टनच्या व्यावसायिक फुटबॉल संघाला मूळ रहिवाशांवरून ठेवलेलं आपलं नाव सोडायला २०२० उजाडावं लागलं, यावरून या ५५ सह्यांचं वजन लक्षात यावं.

नाव काढून टाकलं, पण रिकाम्या जागेचं काय? विद्यापीठ तात्पुरतं ‘कार्डिनल्स’ म्हणू लागतं. अर्थ रंगाचाच, पण अनेकवचनामुळे लोकांना त्या नावाचा लाल पक्षी आठवतो. १९७५ मध्ये नव्या नावासाठी विद्यार्थ्यांचा कौल घेतात. यादी हातात घेऊन बघा: सिक्वोया, ट्रीज, रेलरोडर्स, स्पाइक्स, हूण आणि ‘रॉबर बॅरन्स’. सर्वांत जास्त मतं या शेवटच्या नावाला पडतात. रॉबर बॅरन म्हणजे लुटारू धनदांडगे, आणि हा टोला थेट संस्थापकाला आहे. लीलँड स्टॅनफर्ड रेल्वेचे सम्राट. १८६९ मध्ये पूर्व-पश्चिम लोहमार्ग जोडणारा सोन्याचा खिळा त्यांच्याच हस्ते बसवलेला. ज्याच्या पैशावर शिकायचं त्यालाच दरोडेखोर म्हणायचं, हा विद्यार्थ्यांचा विनोद. प्रशासनाला तो पचत नाही, कौल बासनात जातो.

त्याच वर्षी विद्यापीठाचा बँड, जो शिस्तीसाठी कधीच प्रसिद्ध नव्हता, सामन्यांच्या मध्यंतरात नव्या शुभंकराच्या शोधाचीच टिंगल मांडतो. वाफ सोडणारं गटाराचं झाकण, तळलेली बटाट्याची कांडी, आणि एक झाड. पालो आल्टो शहराचं नाव मुळात एका उंच रेडवुड वृक्षावरून पडलेलं. तो वृक्ष विद्यापीठाच्या मुद्रेवरही आहे. झाड लोकांना आवडून जातं. आजही ते बँडचंच आहे, विद्यापीठानं त्याला अधिकृत दर्जा दिलेला नाही.

शेवटी १७ नोव्हेंबर १९८१ ला कुलप्रमुख डोनाल्ड केनेडी वाद मिटवतात: यापुढे आमचे संघ ‘कार्डिनल’, एकवचनी, पक्षी नव्हे, रंग. फिरून गाडी १८९२ च्या बातमीदारांच्या शब्दावर येते, या वेळी अधिकृत शिक्क्यासह. लोक नाकं मुरडतात. रंगाच्या नावानं कुणी आरोळी ठोकतं का? रंगाला कुणी घाबरतं का?

उत्तर हवं असेल तर एक वर्ष पुढे चला. २० नोव्हेंबर १९८२, बर्कली, पुन्हा तेच दोन संघ. क्वार्टरबॅक जॉन एल्वेनं स्टॅनफर्डला २०–१९ असं पुढे नेलंय आणि घड्याळात ४ सेकंद उरलेत. स्टॅनफर्डचा बँड सामना संपलाच असं समजून मैदानात घुसतो. तिकडे कॅलिफोर्नियाचे खेळाडू चेंडू मागे मागे फेकत, एकमेकांकडे देत, पाच वेळा हात बदलत धावताहेत. शेवटचा, केव्हिन मोएन, वाजंत्र्यांमधून वाट काढत रेषेपलीकडे जातो आणि एका ट्रॉम्बोनवाल्याला आडवा पाडतो. २५–२०.

तुमच्या भोवतीचे लाल स्वेटरवाले बेभान झालेत. कुणी पंचांना शिव्या घालतंय, कुणी बँडला. चेंडू पुढे फेकला होता की मागे, गुडघा टेकला होता की नव्हता, याचा वाद आता कित्येक वर्षं पुरेल. हरल्याचं खापर फोडायला माणसं शोधली जाताहेत. ‘कार्डिनल’ या नावावर मात्र कुणी बोट ठेवत नाही. जे नाव वर्षापूर्वी मिळमिळीत वाटत होतं, त्याच नावाच्या संघासाठी लोक घसा फोडून भांडताहेत, आणि त्या आरडाओरड्यात कुणाच्या पूर्वजांची टवाळी होत नाहीये.