मुंबईच्या दारातील सुरुंग

माटुंग्यात बसून पहिले महायुद्ध दूरचे वाटते. पण ते आपल्या दारापर्यंत आले होते. ब्रिटिश आरमाराने गस्त घालून जर्मनीची नाकेबंदी केली होती. १९१६ च्या अखेरीस ‘वुल्फ’ हे जर्मन जहाज व्यापारी जहाजाचे सोंग घेऊन त्या पहाऱ्यातून निसटले. फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईबाहेरच्या समुद्रात सुरुंग पेरून ते निघून गेले. सुरुंग मात्र पाण्याखाली दबा धरून राहिले. चार महिन्यांनी, २३ जूनला, ‘मंगोलिया’ ही डाकबोट त्यांतल्याच एकावर आदळून बुडाली. माणसे प्राणांस मुकली. सुरुंगाला ना डाकबोट कळते, ना युद्धनौका. समुद्रावर सत्ता गाजवायला मोठे आरमार हवे; पण बंदराची वाट निर्धोक ठेवतात त्या सुरुंग काढणाऱ्या लहान बोटीच.