अंतराळातील एकाकी मानवाचे चित्रपट

विज्ञानपटाचा एक उपप्रकार. पृथ्वीशी संपर्क तुटलेली आणि सहकाऱ्यांना अंतरलेली व्यक्ती हवा, पाणी, अन्न व ऊर्जा यांच्या मर्यादित साठ्यावर कशी तग धरते, हा अशा चित्रपटांचा मध्यवर्ती विषय होय. त्यांत खलनायक बहुधा नसतो. निसर्गनियम हाच नायकाचा प्रतिस्पर्धी असतो. हा प्रकार पश्चिमेकडे वाढला. तथापि त्याला आवश्यक अशा चमत्कृतिदृश्यांचे तंत्र आणि विज्ञानकथा या दोहोंच्या मराठीतील इतिहासाचे धागे कोल्हापूरला येऊन मिळतात.

चित्रपटातील अंतराळप्रवासाचा आरंभ जॉर्ज मेल्येस या फ्रेंच जादूगाराच्या ए ट्रिप टू द मून (१९०२) या मूकपटापासून मानतात. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्स लांग याने वूमन इन द मून (१९२९) या चित्रपटात यानाच्या उड्डाणापूर्वीची उलटी गणती दाखविली. भारतात मात्र दादासाहेब फाळके यांच्यापासून चमत्कृतिदृश्यांचा उपयोग मुख्यत्वे पुराणकथांसाठी झाला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी चित्रीकरणाचा कॅमेरा स्वतः घडविला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे सैरंध्री (१९२०) हा मूकपट काढला. शिवाजी पेठेलगतच्या खरी कॉर्नर चौकातील कॅमेऱ्याचे स्मारक या कामगिरीची आठवण देते. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. पौराणिक चित्रपटांतील आकाश हे देवदेवतांच्या संचाराचे स्थान होते. तेथे संकटात सापडलेल्या भक्तासाठी देव धावून येई. अंतराळपटातील आकाश निर्वात व निःशब्द असते, आणि तेथे संकटग्रस्ताला स्वतःच्या ज्ञानावाचून दुसरा आधार नसतो.

प्रत्यक्ष अंतराळयुग सुरू झाल्यावर या कल्पनेला वास्तवाची बैठक मिळाली. रॉबिन्सन क्रूसो ऑन मार्स (१९६४) मध्ये मंगळावर एकट्या पडलेल्या अंतराळवीराची कथा आहे. जुलै १९६९ मध्ये मायकेल कॉलिन्स चंद्राभोवती यानात एकटेच फिरत होते. प्रत्येक प्रदक्षिणेत यान चंद्राआड गेले की सु. ४८ मिनिटे त्यांचा पृथ्वीशी संदेशसंपर्क तुटे. कक्षेत अडकून पडलेल्या अंतराळवीरांवरील मरूण्ड हा चित्रपट त्याच वर्षी आला आणि काही महिन्यांतच, एप्रिल १९७० मध्ये, अपोलो १३ यानातील तिघांवर तसाच प्रसंग ओढवला. प्राणवायूची टाकी फुटूनही ते सुखरूप परतले.

ग्रॅव्हिटी (२०१३) व द मार्शिअन (२०१५) ही या प्रकारातील अलीकडची ठळक उदाहरणे होत. पहिल्यात नायिका हबल दुर्बिणीपासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकापर्यंत तरंगत पोहोचते. वस्तुतः दुर्बिणीची कक्षा तेव्हा सु. ५५० किमी. उंचीवर व विषुववृत्ताशी २८·५ अंश कललेली होती, तर स्थानकाची सु. ४०० किमी. उंचीवर व ५१·६ अंश कललेली आहे. त्यामुळे असा प्रवास शक्य नाही. दुसऱ्या चित्रपटात नायक हायड्रॅझीन या इंधनातून हायड्रोजन मिळवितो आणि तो जाळून बटाट्याच्या पिकासाठी पाणी तयार करतो. ही रासायनिक प्रक्रिया खरी आहे. परंतु मंगळाचे वातावरण अतिशय विरळ असल्यामुळे आरंभी दाखविलेले विनाशकारी वादळ तेथे संभवत नाही. विज्ञानाशी इमान किती राखावे, हा या प्रकारातील कळीचा प्रश्न त्यातून पुढे येतो.

मराठीत हाच प्रश्न साहित्याच्या क्षेत्रात जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी मांडला. त्यांचा जन्म कोल्हापूरचा. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. विज्ञानकथेत कल्पनेला मुभा असावी. मात्र कथेचा गाभा वैज्ञानिक नियमावर आधारलेला असावा, अशी त्यांची भूमिका होती.

चित्रपटात या भूमिकेचा प्रभाव मर्यादितच राहिला. हिंदीतील चांद पर चढाई (१९६७) हा साहसपटच होता. आरती कडव यांच्या कार्गो (२०१९) या हिंदी चित्रपटात पुष्पक नावाच्या यानात अनेक वर्षे एकट्याने काम करणारा राक्षस नायक आहे. मृतांना पुनर्जन्मासाठी सिद्ध करणे हे त्याचे काम होय. पौराणिक आकाश व अंतराळातील एकाकीपणा यांची येथे सांगड घातलेली आढळते.

मराठी चित्रपटात हा प्रकार रुजला नाही. खर्च हे त्याचे एक कारण होय. पण ते पुरेसे नाही. एकच पात्र आणि एकच बंदिस्त जागा एवढ्यावर चित्रपट उभा राहू शकतो, हे सुनील दत्त यांनी यादें (१९६४) मध्ये दाखवून दिले आहे. कोल्हापुरात कॅमेरा घडविणाऱ्यांजवळही साधने तुटपुंजीच होती. हाताशी असेल त्यातून मार्ग काढण्याची जी वृत्ती हे चित्रपट नायकाच्या अंगी कल्पितात, तीच मराठी चित्रपटाच्या आरंभकाळी त्याच्या निर्मात्यांच्या ठायी होती.