डायएथिल कार्बामाझीन
हत्तीरोगास कारणीभूत होणाऱ्या सूत्रकृमींवरील एक संश्लेषित औषध. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५–१९४८) यांच्या नेतृत्वाखाली ते शोधले गेले व १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी अँटिमनी व आर्सेनिक यांची विषारी संयुगे वापरीत. हे औषध मात्र तोंडाने घेता येते. त्यामुळे रक्तातील कृमींचे सूक्ष्म डिंभ झपाट्याने नाहीसे होतात. परंतु जुनाट सूज येऊन जाड झालेला पाय पूर्ववत होत नाही. शिवाय बाह्यतः निरोगी दिसणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातूनही डास डिंभ वाहून नेतात. म्हणून केवळ रुग्णांवरील उपचार अपुरे पडून सर्व वस्तीस औषध देणे आवश्यक ठरते. भारतात राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये, तर व्यापक वार्षिक औषधवाटप २००४ मध्ये सुरू झाले. चीनने औषधमिश्रित मिठाचाही वापर केला. तेथील निर्मूलनास २००७ मध्ये मान्यता मिळाली.