नाव सातबाऱ्यावर तसंच

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास आपण १९५४ च्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सपासून आणि १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीपासून सांगतो. आज आम्ही त्याच पट्ट्यातल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा छोटा इतिहास सांगणार आहोत.

भोसरी किंवा चाकणचं एखादं लहान वर्कशॉप घ्या. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर बिघडलं, म्हणून कोणीतरी त्याचं फोल्डरच उडवलं. नवीन टाकायला गेलं तर कॉम्प्युटर म्हणतो, हे आधीच बसवलेलं आहे. यादीतून काढायला गेलं तर म्हणतो, फाईल सापडत नाही. ड्रॉइंग अडकतात, पार्टीचे फोन सुरू होतात. असं का होतं?

डॉसच्या काळात प्रोग्रामचा संसार बहुतेक एकाच फोल्डरमध्ये असे. फोल्डर पुसलं की विषय संपला. विंडोजमध्ये अनेक प्रोग्राम सामायिक डीएलएल फायली वापरू लागले. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि रजिस्ट्री ही मुख्य नोंदवही झाली. घर पाडलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव जात नाही, फेरफार करावा लागतो. इथेही तसंच.

पुढे विंडोज २००० सोबत विंडोज इन्स्टॉलर आला. काय कुठे ठेवलं याचा हिशोब तो ठेवतो, आणि काढताना लागणारी फाईल विंडोजच्या आतल्या 'इन्स्टॉलर' फोल्डरमध्ये जपतो. जागा करायची म्हणून ते लपलेलं फोल्डर साफ केलं, की काढायची वाटच बंद होते. नुसत्या नोंदी पुसणारं एक क्लीनअप साधन मायक्रोसॉफ्टने दिलं होतं. पण त्याने कधी कधी इतर प्रोग्रामनाही धक्का लागे. २०१० मध्ये ते मागे घेतलं गेलं.

या इतिहासातून दुरुस्तीचा क्रम आपोआप निघतो. आधी ड्रॉइंग आणि लायसन्सची माहिती वेगळी ठेवा. मग त्याच आवृत्तीचा सेटअप पुन्हा चालवून रिपेअर करा, म्हणजे हरवलेल्या फायली जागेवर येतात, आणि नंतर रीतसर काढा. नाही जमलं तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं काढण्याचं साधन किंवा मायक्रोसॉफ्टचा ट्रबलशूटर वापरा. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. रजिस्ट्रीला हात सगळ्यात शेवटी, आणि तोही बॅकअप घेऊनच. कारण सातबाऱ्यावर चुकीची ओळ खोडली, तर जमीन शेजाऱ्याची जाते.