धूमकेतूचा फोटो आणि हैदराबादचा वारसा

धूमकेतू आला की आज मुलं अंधाऱ्या शिवारात मोबाईल स्टँडला लावून फोटो काढतात. आकाश असं टिपण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. १९४८पर्यंत आपलं बदनापूर ज्या हैदराबाद संस्थानात होतं, तिथे नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये निजामिया वेधशाळा सुरू केली. जगभरच्या वेधशाळांनी आकाश वाटून घेऊन ताऱ्यांचा नकाशा करायला घेतला, तेव्हा त्यातला एक पट्टा हैदराबादने काचेच्या प्लेटांवर टिपला.

या वेधशाळेतल्या एका सहायकाचा मुलगा, वेणू बाप्पू, हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत हार्वर्डला गेला. जुलै १९४९ मध्ये त्याने घेतलेल्या प्लेटवर एक अनोळखी धूमकेतू सापडला. तो बाप्पू-बॉक-न्यूकर्क या नावाने नोंदला गेला. पुढे तमिळनाडूतली कावलूरची वेधशाळाही बाप्पूंनीच उभी केली.

निजामी राजवट म्हटलं की आपल्याला रझाकार आठवतात. तो जुलूम खराच होता, तो विसरू नये. पण एका मुस्लिम नवाबाची दुर्बीण आणि एका हिंदू मुलाचा धूमकेतू, हाही त्याच संस्थानाचा इतिहास आहे. मुलांना दोन्ही सांगायला हवं.