उधारीचा ब्लूज

फिलाडेल्फियाचा गॅरेट डटन, म्हणजेच जी. लव्ह, १९९४ साली ‘स्पेशल सॉस’ या बँडसोबत पहिला अल्बम घेऊन आला. गिटार, डबल बेस, ड्रम्स आणि ब्लूजच्या चालीवर सैलसर रॅप. हे मिश्रण आजही ताजं वाटतं. पण मला त्यावरचं लेबल जास्त बोलकं वाटतं: ओके रेकॉर्ड्स. याच लेबलने १९२० मध्ये मेमी स्मिथचं ‘क्रेझी ब्लूज’ रेकॉर्ड केलं. ते तुफान खपलं. कृष्णवर्णीय गिऱ्हाईक आहे हे कंपन्यांना कळलं, आणि त्यांनी त्या गाण्यांना ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत वेगळ्या यादीत टाकलं. ७४ वर्षांनी त्याच लेबलवर एका गोऱ्या गायकाने ब्लूज आणि रॅप एकत्र आणले. दोन्ही कृष्णवर्णीयांनीच घडवलेले. अल्बम मला आवडतो. तुम्हीही ऐका, पण त्याआधी मेमी स्मिथ लावा. उधारी कुणाची, ते कानांनाच कळेल.