पाटी पुसण्याची विद्या

मुळशी तालुक्यातील माण हे नाव आज शेतीपेक्षा संगणकाच्या कामासाठी अधिक घेतले जाते. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा मोठा भाग या गावच्या शिवारात वसला. १९९० साली स्थापन झालेल्या आणि वाहनांच्या सॉफ्टवेअरला वाहून घेतलेल्या केपीआयटीचे मुख्य कार्यालयही येथेच आहे. गाडी घडते चाकणला. पण तिच्या इंजिनाने इंधन किती घ्यावे, हे ठरविणारा प्रोग्राम अशा कचेऱ्यांतून लिहिला जातो. तो नखाएवढ्या चिपमध्ये उतरतो कसा, याचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

आरंभी चिप घडवितानाच प्रोग्राम तिच्यात कोरून टाकीत. शिलालेखच म्हणा ना! चूक राहिली की चिपांचा सारा घाणा वाया. १९७१ साली इंटेलमधील डॉव्ह फ्रोमन यांनी पुसता येणारी स्मृती सिद्ध केली. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची खिडकी असे. अतिनील दिव्याखाली चिप पंधरा-वीस मिनिटे ठेवली की जुना मजकूर जाई. उजेडाने तो नकळत जाऊ नये म्हणून एरवी खिडकीवर चिकटपट्टी लावून ठेवीत.

हा दिवा विझविला तो जपानने. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली विजेने पुसली जाणारी ‘फ्लॅश’ स्मृती जगापुढे मांडली. कॅमेऱ्याचा फ्लॅश पडावा तशी ती एकदम पुसली जाते, म्हणून हे नाव. तिचा स्वभाव ध्यानी घेण्याजोगा आहे. पुसल्यावर प्रत्येक घरात एक असतो. लिहिणे म्हणजे निवडक घरांत त्याचे शून्य करणे. शून्याचा पुन्हा एक करायचा तर त्या घरापुरते भागत नाही, सबंध कप्पाच पुसावा लागतो. पाटीवरील एका अक्षरासाठी साऱ्या पाटीवर ओले फडके फिरवावे, तसा हा प्रकार!

१९९३ साली ॲटमेलने ८०५१ घराण्यातील मायक्रोकंट्रोलरमध्ये फ्लॅश बसविली. पुढे त्याच दशकात चिप बोर्डावरून न काढता, चार-सहा तारा जोडून लिहिण्याची सोय झाली आणि कामाचा भार संगणकावरील साधनांवर आला. ब्रायन डीन यांनी सुरू केलेले ‘एव्हीआरड्यूड’ हे त्यांतले नामांकित, आणि फुकट. चिपची ओळख पटवावी, पुसावे, लिहावे, परत वाचून पडताळावे, हा त्याचा क्रम. इंटेलच्या हेक्स पद्धतीत तर प्रत्येक ओळीअखेर ताळ्याचा अंक असतो. आपल्या जुन्या मुनीमजींनाही ती आवडली असती.

गाडीत मात्र ही गोष्ट गंभीर होते. पुसून झाले आणि लिहिता लिहिता बॅटरी उतरली, तर चिप कोरीच राहते. म्हणून बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम सुरक्षित कप्प्यात ठेवतात. बाकी सारे गेले तरी तो नव्याने लिहून घेऊ शकतो. त्याच्या दारावर कुलूप असते. यंत्र एक आकडा पुढे करते. त्याचे ठरलेले उत्तर देईल त्यालाच आत प्रवेश. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ चे धूरनियम आले. इंजिनातील आकडे कोणीही बदलू लागला, तर त्या नियमांना अर्थ उरणार नाही. तेव्हा कुलूप हवेच. पण रस्त्याकडेचा मिस्त्री नवा सुटा भाग बसवितो आणि तो गाडीशी जुळवून देण्यासाठी त्याला कंपनीच्या दारी जावे लागते, हेही त्याच कुलपाचे फळ. किल्ल्या कोणाकोणाकडे असाव्यात, हे एकट्या कारखानदाराने ठरवावे, हे मला मान्य होण्यासारखे नाही.